मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म: १५ सप्टेंबर, मुद्देनहळ्ळी, मृत्यू: एप्रिल १९६२, बंगळूर) हे भारतीय स्थापत्य अभियंता, म्हैसूर संस्थानचे दिवाण आणि भारतरत्न या सन्मानाचे मानकरी होते. कृष्णराजसागर धरणामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, आणि त्यांतील मोठा भाग आजच्या महाराष्ट्रात गेला. हैदराबादच्या १९०८ मधील महापुरानंतर त्यांनी केलेला मुसी नदीच्या खोऱ्यातील तलावांचा अभ्यास हा त्यांच्या कार्यातील तुलनेने दुर्लक्षित भाग असून, लहान धरणांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आजही टिकून आहे.

जन्म व शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर संस्थानातील, आज चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात असलेल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६०, तर काही ठिकाणी १८६१ असे दिलेले आढळते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्या शताब्दीचे तिकीट १५ सप्टेंबर १९६० रोजी काढले. घराणे मूळचे आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम या गावचे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. त्यांचे छत्र लहानपणीच हरपल्याने विश्वेश्वरय्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील शिक्षण शिकवण्या करून पुरे केले. १८८१ मध्ये बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, दाखल झाले. १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि पुढल्याच वर्षी सरकारी नोकरीत साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

मुंबई इलाख्यातील सेवा

पहिल्या नेमणुका नाशिक व खानदेशात झाल्या. धुळे जिल्ह्यातील दातर्ती येथे पांझरा नदीखालून पाटाचे पाणी नेणारा नळीचा वक्रनलिका मार्ग बांधण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. पात्रात काम चालू असताना पावसाळा लागला, पूर येऊ लागले, आणि हाती घेतलेले काम रेतीने भरून जाऊ लागले. ते त्यांनी तडीस नेले खरे. पण कागदावरची नदी आणि पावसाळ्यातली नदी या दोन वेगळ्या असतात, हा अनुभव त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला. पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वतः चालविलेली फड पद्धत शतकानुशतके नांदत होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

पुढे सिंध प्रांतात सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांनी केले. सिंधू नदीचे गढूळ पाणी गाळण्यासाठी पात्रातच विहीर खणून वाळूतून पाझरलेले पाणी घेण्याची त्यांची युक्ती यशस्वी ठरली. सुरत येथील काही काळानंतर ते पुण्यास आले. येथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत सुचविली. ज्याला जेव्हा हवे तेव्हा पाणी देण्याऐवजी गावोगाव ठराविक क्षेत्र ठरवून तेथे पिकांच्या फेरपालटीने पाणी द्यावे, असा तिचा आशय होता. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या हिताची ही पद्धत अधिक पाणी वापरणाऱ्यांना प्रथम रुचली नाही. पुढे ती रूढ झाली.

खडकवासल्याची स्वयंचलित द्वारे

पुणे शहराला व मुठा कालव्यांना पाणी देणारे खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले होते. पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. धरणाची उंची वाढवावी, तर जुन्या बांधकामावर अधिक भार येणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावरच लोखंडी द्वारे बसविली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की प्रतिभाराचा तोल बदलून द्वारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. १९०३ मध्ये पूर्ण झालेल्या या योजनेमुळे सुमारे आठ फूट उंचीचा जादा साठा करता येऊ लागला. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे झाले. मात्र सरकारी कामाचा भाग म्हणून शोध लागला असल्याने त्याचा मोबदला त्यांनी घेतला नाही. हीच पद्धत नंतर ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर वापरली गेली.

या द्वारांची थोरवी सांगताना एक गोष्ट सहसा सुटून जाते. पूर्वी पुरासाठी मोकळी राहणारी उंची आता साठ्यासाठी वापरली जाऊ लागली. म्हणजे धरणाची सुरक्षितता द्वारे वेळेवर हलण्यावर अवलंबून राहिली. गंजलेली साखळी किंवा अडकलेला ओंडका यांचा अर्थच त्यामुळे बदलला. शिवाय द्वारे कितीही चोख असली, तरी पायाची हमी ती देऊ शकत नाहीत. तिग्रा धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले, ते पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरल्याने.

मुसी नदीचा पूर

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी सरकारी नोकरी सोडली. त्यांच्याहून वरच्या जागा भारतीयास मिळण्याची शक्यता त्या काळी फारशी नव्हती. ते युरोपच्या प्रवासात असताना २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहरात हाहाकार माजविला. शमशाबाद येथे चोवीस तासांत सुमारे १२.८ इंच पाऊस पडला होता. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १९,००० घरे कोसळली. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड अजूनही दाखविले जाते. निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना सल्लागार अभियंता म्हणून बोलावले आणि १९०९ मध्ये ते कामावर रुजू झाले.

शहराचे पुनर्निर्माण आणि भुयारी गटारांची योजना हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. परंतु पूर कशाने आला, या प्रश्नाचा शोध त्यांनी शहरात न घेता नदीच्या वरच्या अंगास घेतला. शहराच्या वरील पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे होते आणि त्यात ७८८ तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलास एक. पर्जन्यमापनाच्या नोंदी, पुराच्या खुणा आणि पात्राचे छेद जमविताना या तलावांचीही मोजदाद झाली. त्यांपैकी २२१ तलाव फुटल्याचे आढळले: मुसीच्या खोऱ्यात १८२ आणि तिच्या उपनदीच्या, ईसीच्या, खोऱ्यात ३९.

या आकड्यांमागची क्रिया समजून घेणे आवश्यक आहे. गावतलावाचा बांध मातीचा असतो. सांडवा अरुंद असला, गाळाने वा झुडपांनी तुंबला असला, किंवा जादा पाणी साठविण्यासाठी कोणी तो अडविला असला, तर अतिवृष्टीत पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. माती दगडासारखा हा मारा सोसत नाही. मागच्या उतारावर घळ पडते, ती माथ्याकडे सरकत येते आणि काही तासांत बांध दुभंगतो. दख्खनमध्ये तलाव एकाच ओढ्यावर एकाखाली एक असे साखळीने बांधलेले असतात. वरच्या तलावाचे सुटलेले पाणी खालच्या तलावावर येते, तेव्हा त्याचा सांडवा सुस्थितीत असला तरी अपुरा पडतो. एकेका तलावातील पाणी थोडेच असते. पण ते एकाच वेळी मोकळे झाल्याने पुराचे शिखर उंचावते.

विश्वेश्वरय्यांनी सुचविलेला मुख्य उपाय म्हणजे शहराच्या वर मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर पूर पोटात घेणारे जलाशय. पूर येताच त्यांत पाणी अडवून शहराला सोसेल तेवढाच विसर्ग खाली सोडावा, अशी ही योजना होती. त्यांनुसार पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. फुटलेल्या शेकडो लहान तलावांचे पुढे काय झाले, याची कथा मात्र दोन भव्य जलाशयांच्या छायेत झाकोळून गेली.

म्हैसूर संस्थान

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. सिमेंटऐवजी सुरखीचा चुना वापरून बांधलेल्या या धरणाला मद्रास सरकारचा विरोध होता. त्या तंट्याचे पडसाद आजच्या कावेरी वादापर्यंत पोहोचतात. १९१२ ते १९१८ या काळात ते दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि भद्रावतीचा लोखंड कारखाना या संस्था त्यांच्या कारकिर्दीशी निगडित आहेत. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

उत्तरायुष्य

दिवाणपद सोडल्यानंतर चार दशके ते निरनिराळ्या समित्यांवर काम करीत राहिले. १९३७ च्या सुमारास ओरिसातील महानदीच्या पुरांविषयी त्यांनी अहवाल दिला. १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवरील आणि १९५१ मध्ये आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्वदी उलटल्यावर मोकामा येथील गंगेवरील पुलाच्या जागेसंबंधी त्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून सल्ला दिला.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरते आटोपण्यापूर्वीच भरू दिलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फोडले. पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. ज्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी तारुण्यात द्वारे बसविली होती, त्या धरणाचा हा अंत ते हयात असतानाच झाला. वरचे धरण फुटून खालच्यावर कोसळण्याचा मुसीच्या खोऱ्यातील प्रकार येथे मोठ्या प्रमाणावर घडला. त्यानंतर वर्षभरातच बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

वऱ्हाडातील लघुप्रकल्पांच्या संदर्भात

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्याने विश्वेश्वरय्यांच्या नोकरीच्या कक्षेत आले नाही. हा प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली व १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला असला, तरी मुसीला पूर आला तेव्हा नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच होते. मुसी खोऱ्याचा धडा मात्र अमरावती आणि अकोला जिल्ह्यांना नेमका लागू पडतो. मेळघाटातून उतरणारे नदीनाले थोड्याच अंतरात डोंगर सोडून पूर्णेच्या सपाट खोऱ्यात येतात, त्यामुळे त्यांचे पूर अवचित येतात. शहानूर, चंद्रभागा, वान, काटेपूर्णा यांसारख्या प्रकल्पांवर यंत्रणेचे लक्ष असते. काटेपूर्णेच्या महान येथील धरणावर अकोला शहराचे पिण्याचे पाणीच अवलंबून आहे. प्रश्न उरतो तो लघुप्रकल्प, गावतलाव आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मोठ्या संख्येने झालेल्या पाझर तलावांचा.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पाणी अडविण्यास उत्तम असल्याने बांधाच्या गाभ्यात वापरली जाते. पण ती ओली झाली की फुगते आणि वैशाखात भेगाळते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत माथ्यावरील आडव्या भेगांकडे प्रथम पाहावे लागते. लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगेपेक्षा बांध आरपार छेदणारी भेग अधिक धोक्याची. त्यानंतर पाहावयाचे ते उंदीर-घुशींची व खेकड्यांची बिळे, मुळे खोल घालणाऱ्या बाभळी, ढासळलेले अश्मपटल आणि विमोचकाभोवतीची गळती. बांधाच्या पायथ्याशी थोडे निवळ पाणी पाझरणे स्वाभाविक असते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजून तलावाची पातळी तत्काळ उतरवावी लागते. ही पाहणी पावसाळ्यानंतर पुन्हा करावयाची असते.

राज्यात यासाठी नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना आहे. २०२१ चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा मात्र पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा वा विसर्ग यांच्या ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यांना लागू होतो. दहा मीटरच्या आतील तलाव त्याच्या बाहेर राहतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, तेथे अभियंते थोडे आणि तलाव पुष्कळ. विश्वेश्वरय्यांनी मोजलेल्या ७८८ तलावांतील बहुतेक याच जातीचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेही लघु पाटबंधाऱ्यांपैकीच होते.

सन्मान व स्मृती

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या भाषणांत, रुळाच्या आवाजातील फरकावरून पुढे रूळ उखडल्याचे ओळखून त्यांनी गाडी थांबविली, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्ट रंजक आहे. परंतु त्यांच्या कामाची रीत कानापेक्षा नोंदवहीची होती, आणि ती मुसीच्या अहवालात अधिक स्पष्ट दिसते. नागपूर येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. आज ती संस्था विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते आणि वऱ्हाडातील अनेक स्थापत्य अभियंत्यांचे शिक्षण तेथे झाले आहे. मुद्देनहळ्ळी येथे त्यांचे स्मारक असून त्यांचे राहते घर संग्रहालयाच्या रूपात जतन केले आहे.