केडगावची पंडिता

मुळशीत कामानिमित्त फिरताना चळवळीतील तरुण आम्हाला अधूनमधून विचारतात, ब्राह्मण जातीत जन्मून ख्रिस्ती झालेल्या बाईचे आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला, मुक्ती मिशनच्या आवारात उभे आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना धर्ममार्तंडांपुढे जाब द्यावा लागला. पुढे दुष्काळाच्या उपासमारीत आईवडील आणि बहीण गेले. भावासोबत देशभर पायपीट करीत रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना पदव्या दिल्या खऱ्या, पण शास्त्रे वाचता वाचता स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचे दार कसे बंद केले आहे, हे बाईंना नेमके उमगले. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी सनातन्यांच्या लेखी शूद्र. आजही आंतरजातीय जोडपी आमच्याकडे संरक्षण मागायला येतात, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे! दोनच वर्षांत पती वारले. कडेवर मनोरमा, वय अवघे 23.

1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तोवर सुधारकांना बाई प्रिय होत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेताच पुणे खवळले. त्यावेळी त्यांच्या बाजूने लेखणी उचलली ती महात्मा फुले यांनी, 1885 च्या ‘सत्सार’मध्ये. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. जोतीराव काही ख्रिस्ती झाले नव्हते. आपली वाट आपण निवडण्याचा माणसाचा हक्क त्यांनी मानला, इतकेच. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर कलम 25 नंतर आले, भांडण आधीचेच आहे. आणि बाई मिशनऱ्यांच्याही ताटाखालचे मांजर झाल्या नाहीत. इंग्लंडच्या धर्मगुरूंशी त्यांनी श्रद्धेच्या कलमांवरून वाद घातला.

अमेरिकेतून पैसा उभा करून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. मुली प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये टिळकांच्या ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. आमची तक्रार वेगळी आहे. हे सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, तिथे सोवळेही सांभाळले जाई. आपल्या आयाबहिणींचे दुःख बाईंना तेव्हा दिसले नव्हते.

ते दाखवले दुष्काळाने. 1896-97 मध्ये बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर तंबू, मग इमारती उभ्या राहिल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार मुली-बायका होत्या, आणि आता जातीची चाळण नव्हती. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांची शाळा, आणि या सगळ्यांचे मिळून एक चर्च. कुठल्या साहेबाने बांधून दिलेले नव्हे, टाकलेल्या बायकांनी भरलेले. जून 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची लाट उठली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, टोळ्या करून आसपासच्या गावांत उपदेशाला जात. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची जागृती त्यानंतरची, 1906 ची. मिशनमधल्या मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेने ही वार्ता चिलीपर्यंत गेली. आम्ही बुद्धिवादी, अशा भावावेशावर आमचा भरवसा नाही. पण देवळाच्या पायरीवरही जिला उभे करीत नव्हते, ती हजारांपुढे बोलू लागली, हे नाकारून कसे चालेल?

बाबासाहेबांनी सर्व धर्म तपासून 1956 मध्ये आम्हाला बुद्धाकडे नेले, आमची वाट तीच. मात्र 1950 च्या राष्ट्रपती आदेशातली धर्माची अट बौद्धांसाठी 1990 मध्ये सुटली, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून गावकुसातली वागणूक बदलते काय, हे आम्ही वकील रोज पाहतो.

अखेरची वर्षे बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. ते बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तिथे खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या.