रँग्लर परांजपे

रत्नागिरी जिल्ह्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचे खेडे आहे. तेथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. मुलाची बुद्धी असामान्य होती. आप्तांपैकी धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्या शिक्षणास हात दिला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात कर्वे गणित शिकवीत, तेथेच रघुनाथरावही शिकले.

१८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांस रँग्लर म्हणत. त्यांतही जो पहिला येई, तो सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर रघुनाथरावांस विभागून मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

नंतर पॅरिस व गटिंगेन येथे त्यांनी उच्च गणिताचा अभ्यास केला. १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजाने त्यांस फेलो निवडले. फेलोला दरसाल ठरावीक द्रव्य मिळे, थोर गणितज्ञांचा सहवास लाभे, आणि वर्ग घेण्याची सक्ती नसे. नवे काही शोधू पाहणाऱ्या पंचविशीतील तरुणाला याहून अधिक काय हवे?

परंतु विलायतेस जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. सोसायटीच्या आजीव सभासदाने २० वर्षे, महिना ७५ रुपयांवर, अध्यापन करावयाचे असे. एकीकडे संशोधनाला लागणारा निवांत वेळ. दुसरीकडे रोजच्या तासिका, कॉलेजचा कारभार आणि ज्यांनी विश्वासाने वाट पाहिली ती माणसे. गणितातील नव्या कल्पना बहुधा तरुण वयातच सुचतात असे मानले जाते; तेव्हा पुण्यास परतल्याने काय हातचे जाईल, हे त्यांच्यासारख्या गणितज्ञास कोणी सांगावयास नको होते.

१९०२ मध्ये ते परतले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. फेलोपण १९०७ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. पण केंब्रिजचा निवांतपणा काही त्याबरोबर पुण्यास आला नाही. फळ्यापुढे उभे राहून गणित शिकवावे, कॉलेजची व्यवस्था पाहावी, यांतच दिवस सरे. गणितातील मोठा शोध त्यांच्या नावावर नाही, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. मात्र केंब्रिजमध्ये पहिल्या आलेल्या मनुष्याकडून गणित शिकण्याचे भाग्य पुण्यातील मुलांस वर्षानुवर्षे लाभले.

१९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. पुढे त्यांस सर ही पदवीही मिळाली. १९६६ मध्ये ते वारले. महाराष्ट्र मात्र त्यांना रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखतो.