मनाला मोजू पाहणारे विल्हेल्म वुंट

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींच्या घरांत एक गंमत नेहमीची आहे. मुले शाळेत जो विषय मनोविज्ञान म्हणून शिकतात, तोच घरी आल्यावर मानसशास्त्र होतो. आता शास्त्र म्हटले तर आपल्याकडे पाकशास्त्रही आहे आणि ज्योतिषशास्त्रही. त्यामुळे घरातल्या एखाद्या मुलीने हा विषय घेतला, की वडीलधाऱ्यांना शंका येतेच : हे खरे विज्ञान, की नुसत्या गप्पा? हाच प्रश्न ज्यांनी आयुष्यभर अंगावर घेतला, त्या विल्हेल्म वुंट यांची ओळख यंदा करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

वुंट यांचा जन्म १६ ऑगस्ट १८३२ रोजी जर्मनीतील मानहाइमजवळच्या नेकाराऊ गावी झाला. वडील पाद्री होते. मुलगा वैद्यकी शिकला आणि हायडेलबर्ग येथे हेल्महोल्ट्झ या थोर शास्त्रज्ञाचा साहाय्यक झाला. त्या काळी विद्वानांवर तत्त्ववेत्ता कांट याच्या मताचा पगडा होता. मन गणितात बसवता येत नाही, म्हणून त्याचे खरे विज्ञान होणे नाही, असे कांटचे म्हणणे होते.

मात्र मनाच्या वेगाचा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांपुढे आधीच उभा राहिला होता. १७९६ साली ग्रीनिच वेधशाळेतील एका साहाय्यकाची नोकरी गेली, कारण ताऱ्यांच्या वेळा टिपताना त्याच्यात आणि मुख्य खगोलशास्त्रज्ञात जवळजवळ ०.८ सेकंदाचा फरक पडत होता. पुढे कळले, की असा फरक माणसामाणसांत असतोच. वुंट यांनी हेच सूत्र धरले. लंबकाचे घड्याळ आणि घंटा जोडून त्यांनी दाखवले, की काटा दिसणे आणि घंटा ऐकू येणे या दोन्ही गोष्टी मन एकाच क्षणी टिपत नाही.

१८७३ मध्ये त्यांचा शरीरक्रियात्मक मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ निघू लागला. १८७५ मध्ये ते लाइपझिग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८७९ मध्ये तिथे त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. दिवा दिसताच कळ दाबायची. मग दोन रंगांपैकी एकच दिसला तर दाबायची. दुसऱ्या वेळी जो जास्त वेळ लागला, तो रंग ओळखून ठरवण्याचा. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे यंत्र हाताशी होते. अमेरिका, इंग्लंड, रशियातून विद्यार्थी येऊ लागले. त्यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले, त्यांच्याकडे नरेंद्रनाथ सेनगुप्त शिकले आणि सेनगुप्तांच्या हाताखाली कलकत्ता विद्यापीठातील मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला.

वुंट यांनी आपल्या प्रयोगांची मर्यादाही स्वतःच आखली. साध्या संवेदना यंत्राने तपासता येतील, पण भाषा, धर्म, चालीरीती या समाजाने घडवलेल्या गोष्टी. त्यांचा शोध इतिहासातच घ्यावा लागेल, असे त्यांचे मत होते. १९०० ते १९२० या काळात त्यांनी त्यावर दहा खंड लिहिले. शिष्यांना हे सगळे पटले नाही. मनात काय चालले आहे ते ज्याचे त्याने सांगायचे, या पद्धतीत दोन प्रयोगशाळांची उत्तरे जुळेनात. १९१३ मध्ये अमेरिकेतील वॉटसनने ती पद्धतच नाकारली.

एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. १९१४ साली बेल्जियममधील जर्मन सैन्यावरचे आरोप साफ नाकारणारे एक निवेदन निघाले. त्यावर ९३ नामवंतांच्या सह्या होत्या, त्यांत वुंट यांचीही होती. प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या या माणसाने तिथे स्वदेशाचा शब्द प्रमाण मानला. ३१ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते वारले.

मग मानसशास्त्र विज्ञान आहे का? वुंट यांचे चरित्र वाचून आम्हांला वाटते, की नुसत्या नावावरून हे ठरत नाही. जे सांगितले ते कसे मोजले, दुसऱ्याने तसेच करून पाहिले तर तेच येते का, आणि चूक निघाली तर ती मान्य होते का, एवढे विचारावे. जिथे होकार मिळेल, तिथे ते विज्ञान. जिथे मिळणार नाही, तिथे अजून काम बाकी आहे असे समजावे. घरातल्या मुलीने हा विषय घेतला, तर तिलाही हेच विचारावे. ती आनंदाने उत्तर देईल आणि दोन गोष्टी आपल्यालाही नव्याने कळतील.