परदेशी शिक्षणाचा खर्च वसूल होतो का? बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब काय सांगतो?

महाडहून पोलादपूरला जा, आंबेनळी घाट चढा, महाबळेश्वर ओलांडा की पाचगणी येते. तिथल्या निवासी शाळांची नावे महाड परिसरातल्या पालकांना नवीन नाहीत. आता त्यात आंतरराष्ट्रीय बोर्ड, परदेशी अभ्यासक्रम आणि लाखांतली वार्षिक फी यांची भर पडली आहे. त्यामुळे घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: मुलाला घरापासून दूर, इतक्या महागड्या शिक्षणासाठी पाठवणे परवडते का?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाडजवळच्या दासगावातून गेले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सावित्री नदीच्या खाडीतून एक बोट दासगाव बंदराला लागली. तिच्यातून उतरलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावापुढे तोपर्यंत न्यूयॉर्क आणि लंडनच्या पदव्या लागल्या होत्या. त्या पदव्यांना किती खर्च आला, तो कोणी केला आणि त्यातून काय मिळाले? सविस्तर समजून घेऊया.

सुरुवातीचा खर्च कोणी केला?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर पेन्शनवर घर चालत होते. मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलीचे दागिने गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे, असे ते करत.

१९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांचे हितचिंतक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्यामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी संपर्क आला. महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या शिक्षणासाठी महिन्याला २५ रुपयांची मदत सुरू केली. बीए झाल्यावर बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यानंतर लगेच, फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले.

अमेरिकेची शिष्यवृत्ती किती होती? अट काय होती?

बडोदा सरकारने १९१३ मध्ये महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, मुदत तीन वर्षे. करारात अट होती की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत हा सर्व्हिस बाँडच.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय होता, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एमए झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मिळणाऱ्या पैशातून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात भागवायचे आणि जुनी पुस्तके विकत घ्यायची, असा त्यांचा क्रम होता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान नेणारी बोट बुडाली आणि जमवलेली बरीच पुस्तके गेली.

पदवी घेऊन आल्यावर काय झाले?

हिशेबातली ही सर्वात कडू नोंद आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याला गेले. कोलंबियाचा एमए आणि वरिष्ठ पद असूनही शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई फायली दुरूनच टाकत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. हे कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. जागा सोडावी लागली, नोकरीही सुटली.

म्हणजे न्यूयॉर्कची पदवी बडोद्यात एक खोलीसुद्धा मिळवून देऊ शकली नाही. नामांकित संस्थेचा शिक्का बसला की सगळी दारे आपोआप उघडतात, या समजुतीला यापेक्षा मोठा धक्का कोणता?

मग पुन्हा लंडनला का गेले? पैसे कुठून आले?

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार होता ४५० रुपये. अनेकांनी इथे थांबणे पसंत केले असते. बाबासाहेबांनी काटकसर करून बचत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी जाऊन बसायचे ते बंद होईपर्यंत. खाण्यावरचा खर्च अगदी जेमतेम. १९२१ मध्ये एमएससी, १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डीएससी मिळाली. कोलंबियाची पीएचडी १९२७ मध्ये मिळाली.

घराने काय किंमत मोजली?

हा खर्च पौंडांत लिहिता येत नाही. परदेशातल्या वर्षांत रमाबाईंनी मुंबईत तुटपुंज्या पैशांत संसार चालवला. या दांपत्याच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत जगले. रमाबाईंचे १९३५ मध्ये निधन झाले. महागड्या शिक्षणाची चर्चा करताना फी दिसते, घरी मागे राहिलेल्या माणसांचा वाटा मात्र कुठल्याच पावतीवर नसतो.

दासगावचा संबंध काय?

बाबासाहेबांच्या परदेशातल्या शिक्षणाचा काळ, त्याच काळात दासगावात वाढलेला रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा हुशार मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाला. तरी अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्याने दाद मागितल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायला इतर मुलांपासून वेगळी जागा. म्हणजे एकाला कोलंबियाचे दार उघडे होते आणि दुसऱ्याला महाडच्या शाळेचे बंद.

हेच आर. बी. मोरे पुढे महाडच्या परिषदेचे प्रमुख संघटक झाले. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. प्रत्यक्षात पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, त्यासाठी बाबासाहेब बोटीने दासगावला आले आणि पुढे महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई होती. लोक तयार असूनही बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला आणि लढाई कोर्टात नेली. ती दहा वर्षे चालली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ग्रेज इनमध्ये शिकलेला कायदा इथे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी कामी आला.

खर्च वसूल झाला का?

पगाराच्या हिशेबाने पाहिले तर फारसा नाही. बॅरिस्टर होऊनही सुरुवातीला वकिली नीट चालत नव्हती. पण पुढची यादी पाहा:

• १९२५ मध्ये सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह.
• चलनव्यवस्थेवरील हिल्टन यंग आयोगापुढे अर्थतज्ज्ञ म्हणून साक्ष.
• व्हाइसरॉयच्या मंडळात असताना मागास मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचा आग्रह. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली.
• १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, पुढे औरंगाबादेत मिलिंद. याच संस्थेचे महाविद्यालय नंतर महाडमध्येही सुरू झाले.
• राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद.

या यादीत शिक्षणाच्या सोयी पुन्हा पुन्हा येतात. दोन राजांच्या मदतीने आणि एका मित्राच्या कर्जाने जे शिक्षण त्यांना मिळाले, ते मेहरबानीवर अवलंबून राहू नये, म्हणून ते आयुष्यभर झटले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यावे?

१. आपण विकत काय घेतो ते आधी ठरवा. बाबासाहेबांनी लंडनमध्ये ग्रंथालय, शिक्षक आणि वेळ घेतला. फक्त शाळेचे नाव किंवा इमारत घ्यायची असेल, तर तो खर्च वसूल होईलच असे नाही.

२. पैसे कुठून येणार ते पाहा. करार, कर्ज, परतफेड यांच्या अटी सही करण्याआधी वाचा. शिष्यवृत्ती मध्येच संपली तर काय, हा प्रश्न १९१७ मध्येही होता.

३. स्वस्त पर्याय तपासा. रायगड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. सहावीसाठी प्रवेश परीक्षा असते, राहणे-जेवण मोफत असते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

४. घरातल्या इतरांना विचारा. एका मुलाची फी भरताना दुसऱ्या भावंडाचे शिक्षण थांबणार असेल, तर तोही खर्चच आहे.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला, याबद्दल दुमत नाही. पण तो वसूल झाला तो त्यांनी परत येऊन केलेल्या कामामुळे. बडोद्यातले ते दिवस पाहिले, तर पदवीचा कागद एकटा पुरला नसता, हे उघड आहे.