डॉ. होमी भाभा आणि अणुभट्टीचा अदृश्य साक्षीदार

१९७७ साली आमच्या वडोदऱ्याजवळ जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. हे पाणी कशास लागते, असा प्रश्न वर्गात निघाला की काही अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग मंदावण्यासाठी ते वापरतात, असे आम्ही सांगतो. मग बोलणे साहजिकच मुंबईजवळच्या तुर्भ्यापर्यंत पोहोचते, आणि तुर्भे म्हटले की डॉ. होमी भाभा यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. चित्रकला व संगीत यांची गोडी त्यांना बालपणीच लागली व ती अखेरपर्यंत टिकली. मुलाने केंब्रिजला यंत्रविद्या शिकून टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानात रमले होते. यंत्रविद्येत पहिला वर्ग मिळविल्यास पुढे गणित शिकता येईल, अशी अट वडिलांनी घातली. १९३० साली मुलाने ती पुरी केली.

पुढे झुरिकला पाउली व रोमला फर्मी या दोन थोर शास्त्रज्ञांचा सहवास त्यांना लाभला. किरणोत्सर्गात काही ऊर्जा हरवल्यासारखी दिसे. ती एखादा विद्युत्‌भाररहित, अदृश्य कण नेत असावा, असा तर्क पाउलींनी १९३० साली मांडला होता. फर्मींनी १९३४ साली त्याची उपपत्ती प्रसिद्ध केली. हाच न्यूट्रिनो. १९३५ साली भाभांनी इलेक्ट्रॉन व त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित सोडविले. ही क्रिया आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९३९ साली ते सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. बंगळूरला सर चंद्रशेखर रामन यांच्या विभागात त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ साली ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याच वर्षी अमेरिकेत राइन्स व कोवन यांनी एका अणुभट्टीशेजारी यंत्र ठेवून पाउलींचा कण प्रथमच पकडला. तो प्रतिन्यूट्रिनो होता.

१९५६ सालीच आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेची घटना ठरत होती. भट्टीत युरेनियमपासून प्लुटोनियम तयार होते आणि त्याचा बाँब करता येतो, म्हणून तपासणी हवी, असे बलाढ्य राष्ट्रे म्हणत. ज्यांच्यापाशी बाँब आहेत त्यांना मोकळीक आणि मदत घेणाऱ्यांवरच पहारा, हा भेद भाभांना अन्यायाचा वाटला. त्यांनी त्यास ठामपणे विरोध केला.

१९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल, त्यांच्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा माग काढला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न!

कॅनडाच्या साह्याने तुर्भ्यास उभारलेली ‘सायरस’ अणुभट्टी शांततामय कार्यासाठी होती. १९७४ साली पोखरणच्या चाचणीत तिचेच प्लुटोनियम वापरले गेले. भारताने त्या चाचणीस शांततामय म्हटले; कॅनडाने मात्र सहकार्य थांबविले. भाभांचा आक्षेप न्याय्य होता असे आम्हांस वाटते. तरीही जगाचे भय अगदीच निराधार नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

या पेचातून एक वाट न्यूट्रिनोने दाखविली. कोकणात कौलांतून धूर निघाला की घरात चूल पेटल्याचे अंगणातूनच कळते. भट्टीतील प्रत्येक विखंडनामागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. धूर कोंडता येतो. हे कण पोलादाची वा काँक्रीटची कोणतीही भिंत अडवू शकत नाही. त्यांतला एखादाच यंत्रातील प्रोटॉनवर आदळतो आणि पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन जन्मतात. आधी पॉझिट्रॉनची चमक, पाठोपाठ न्यूट्रॉनची, या जोडीवरून कण ओळखला जातो. भट्टी बंद झाली तर गणना घसरते. युरेनियम जळून प्लुटोनियम साठू लागले की ती हळूहळू उतरते. सोव्हिएत संघात रोव्हनो येथे १९८० नंतरच्या दशकात हे प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आले. यंत्र मात्र मोठे व भट्टीच्या निकट असावे लागते. विश्वकिरणांचा गोंधळ निवडून काढावा लागतो आणि थोडक्या प्लुटोनियमचा नेमका हिशेब त्याला देता येत नाही.

तुर्भ्यातही १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीपाशी अशा शोधकाचे काम भाभांचे नाव धारण करणाऱ्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी हाती घेतले. प्रकाश देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रचून केलेल्या त्या यंत्राचे नाव ‘इस्मरान’.

भट्टीच्या दारातून आत न जाता, कोणाचा मान न दुखविता सत्य सांगणारा हा साक्षीदार पाहण्यास भाभा राहिले नाहीत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातून स्वाभिमान तर घ्यावाच. पण आपला व्यवहार तपासण्यास कोणी आला, तर निर्भयपणे सामोरे जाण्याची तयारीही ठेवावी. पहारा मात्र सर्वांवर सारखाच असावा, हा भाभांचा आग्रहही विसरू नये.