कावेरीकाठचे मराठी राजे : तंजावरचे शहाजीराजे भोसले

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्याही आधी कित्येक पिढ्या घर सोडून दूर गेलेल्या मराठी माणसांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कुंभकोणमजवळ कावेरीच्या परिसरात गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. तेथे आज विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे असून तमिळ भाविकांच्या मुखी मराठी अभंग ऐकू येतात. इतक्या दूर मराठी शब्द कसा रुजला, याचा मागोवा घेताना आम्ही तंजावरच्या शहाजीराजांपाशी येऊन पोचतो.

हे शहाजीराजे म्हणजे शिवछत्रपतींचे वडील नव्हेत, तर त्यांच्या नावाचे नातू. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले. १६८४ साली त्यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजी लहान वयातच गादीवर आले. काळ कठीण होता. जिंजीच्या वेढ्याच्या दिवसांत मोगली फौजांचा दाब तंजावरपर्यंत पोचला आणि राजांना खंडणी द्यावी लागली. सभोवती प्रजा तमिळ, दरबारी काव्याची भाषा तेलुगु, विद्येची भाषा संस्कृत. अशा ठिकाणी मूठभर मराठ्यांची बोली दप्तरातील मोडी कागदांपुरतीच उरली असती, तर नवल नव्हते.

शहाजीराजांनी तसे होऊ दिले नाही. मात्र मायबोली राखण्यासाठी त्यांनी दारे लावून घेतली नाहीत. तिरुवारूरच्या त्यागराजावर त्यांची निष्ठा होती; त्याच्या सेवेत त्यांनी तेलुगु गेयनाट्ये रचिली. त्याच लेखणीने सुमारे १६९० मध्ये ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिले. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणण्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे कावेरीकाठी मराठी नाटक जन्मले होते! त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात निरनिराळ्या प्रांतांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. तेथे मराठीही तमिळ, तेलुगु, हिंदी व संस्कृत यांच्या पंक्तीला मानाने बसली आहे.

विद्वानांवरही त्यांचा असाच लोभ होता. १६९३ साली गोविंदपुरम्‌पासून जवळच असलेले तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. रामभद्र दीक्षितांसारखे कवी आणि नामभक्तीचा महिमा गाणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे तेथलेच. नामसंकीर्तनाचे दुसरे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांची समाधी गोविंदपुरम् येथे आहे. तेही याच राजवटीत, १६९२ मध्ये समाधिस्थ झाले. या भूमीत वाढलेल्या भजनपरंपरेने पुढे मराठी संतांचे अभंग आपलेसे केले.

राजांना पुत्र नव्हता. १७१२ च्या सुमारास त्यांच्यामागून बंधू सरफोजी गादीवर बसले. तंजावरचे राज्य १८५५ साली संपले. तोफा गेल्या, खजिना गेला. परंतु सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते राहिली, आणि तंजावरी वळणाची मराठी आजही काही घरांत बोलली जाते.

परमुलखी घर थाटणाऱ्या आम्हां सर्वांना या चरित्रातून एक गोष्ट कळते. यजमान भूमीवर प्रेम केल्याने मायबोली उणी होत नाही. ती उणी होते ती घरात न बोलल्याने, तिच्यात नवे काही न लिहिल्याने. शहाजीराजांनी तमिळ देशीचे दैवत आपले मानले आणि मुलाबाळांसाठी मराठी नाटकही मागे ठेवले. आमच्या पुढच्या पिढीसाठी आम्ही काय ठेवणार आहोत, याचा विचार या महोत्सवी वर्षात घरोघरी व्हावा.