मोळीला हात लावणारा श्याम आणि पंढरीचा दरवाजा

जून उजाडला की आपल्या भागात दोन गोष्टींची घाई असते. एक भाताच्या रोपांची आणि खता-बियाण्याची, दुसरी पालखीची. देहूहून निघालेले तुकोबा आकुर्डीला मुक्काम करतात, आळंदीहून माउली निघतात, आणि चाकण, खेड, मावळातल्या दिंड्या त्यांना जाऊन मिळतात. याच महिन्यात, ११ तारखेला, साने गुरुजींचा स्मृतिदिन येतो. बहुधा शाळा उघडायच्या आतच तो येऊन जातो, त्यामुळे फोटोला हारही धड पडत नाही. पण पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या आपल्या माणसांचा या मास्तरांशी फार जवळचा संबंध आहे.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणे खोताचे. खोत म्हणजे काय, हे कोकणात सासर-माहेर असलेल्यांना सांगायला नको. गावाचा सारा गोळा करणारा, कुळांवर हुकूम चालवणारा माणूस. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक आणले आणि १९४९ च्या कायद्याने ती गेली. पण सान्यांच्या घरची खोती त्याआधीच नावापुरती उरली होती. भाऊबंदकी आणि कर्ज यांत घर बसले. म्हणजे पोरगा खोताचा, पण वाढला गरिबीत. दापोली, औंध, मग आपले पुणे, असे मिळेल तिथे राहून, प्रसंगी उपाशी राहून तो शिकला. पुण्यात शिकत असतानाच १९१७ साली त्याची आई गेली.

एम.ए. होऊन १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आले. पोरांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजाऱ्याची घाण काढणे, सगळे स्वतः करायचे. पोरांसाठी हाताने लिहून रोजचे दैनिकही काढायचे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नोकरी सोडली आणि तुरुंग धरला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली गुरुजींनी, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत.

‘श्यामची आई’सुद्धा तुरुंगातलीच. फेब्रुवारी १९३३, नाशिकचा तुरुंग. दिवसा सक्तीचे काम, म्हणून लिहायचे ते रात्री आणि पहाटे. पाचेक दिवसांत बहुतेक पुस्तक उतरले. १९३५ साली ते छापले गेले. पुढे आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि घराघरातल्या बाया पदराला डोळे पुसत आल्या. तिथेच थोडा घोटाळा झाला, असे मला वाटते. आपण हे पुस्तक रडण्याचे म्हणून लक्षात ठेवले. संस्कारांचे, आईच्या मायेचे म्हणून बक्षिसाला दिले. ते तसे आहेच. पण त्यात एक मोळीही आहे.

एक म्हातारी महारीण लाकडांची मोळी घेऊन जात असते. मोळी खाली पडते, तिला एकटीने उचलवत नाही. रस्त्याने माणसे जात-येत असतात, पण शिवायचे कसे? श्यामची आई हे पाहते आणि श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव. ब्राह्मणाचा पोरगा जातो आणि मोळीला हात लावतो. लोक नावे ठेवतात. बघा हं, ही आई काही सुधारक नाही. घरी आल्यावर आंघोळ कर, असेही ती त्याला सांगते. जुन्या रीतीत वाढलेली बाई ती, रीत एका झटक्यात कुठली सुटणार? पण समोर माणूस अडला असताना रीत मागे आणि माणूस पुढे, एवढे तिला कळते. मुलांच्या पुस्तकात, साध्या गोष्टीत, १९३० च्या दशकात हे आले. भाषण नाही, कायद्याचे कलम नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला कळेल असे.

खोताच्या या नातवाने पुढे कुळांची आणि शेतकऱ्यांची बाजू घेतली, हेही सांगितले पाहिजे. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली. ओला दुष्काळ. सरकार सारा सोडीना. गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले, शेतकऱ्यांसाठी गाणे लिहिले. पंचनामा आणि सूट यासाठी आजही कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला या लढ्याचे मोल वेगळे सांगायला नको. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांतही ते होते.

आणि मग पंढरपूर. तोवर काय होते? वारीत सगळे एकत्र चालायचे, अभंग सगळ्यांच्या तोंडी एकच. पण पंढरीला पोचल्यावर दलित वारकऱ्याची वाट महाद्वारात, चोखोबांच्या समाधीपाशी संपायची. आत विठ्ठल, बाहेर तो. कितीतरी पिढ्या तिथूनच माथा टेकून परत आल्या. बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालवला, तरी दार उघडले नव्हते. पुढे त्यांनी देवळांचा नाद सोडून शिक्षण आणि हक्क यांवर भर दिला, आणि ते बरोबरच होते. पण ज्यांनी दार लावले होते त्यांचे काम बाकीच होते.

ते गुरुजींनी अंगावर घेतले. सेनापती बापट, म्हणजे आपल्या मुळशी सत्याग्रहाचे सेनापती, त्यांना सोबत घेऊन महाराष्ट्र पिंजून काढला. गावोगावी देवळे आणि पाणवठे खुले करा, म्हणून सांगितले. सेवादलाची पोरे गाणी आणि मेळे घेऊन फिरली. १ मे १९४७ ला पांडुरंग नावाचा हा माणूस पांडुरंगाच्या गावात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपाशी बसला. गांधीजींनाही हे उपोषण पटले नव्हते, थांबवा असा त्यांचा निरोप आला. गांधीजींना दैवत मानणारे गुरुजी या एका बाबतीत हटले नाहीत. दहा दिवसांनी बडवे मंडळींनी दार उघडायचे कबूल केले, तेव्हा उपोषण सुटले. मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदाही त्याच साली झाला.

मोळीला हात लावणारा श्याम तो हाच. पुस्तक आधी, उपोषण नंतर, पण काम एकच.

दार उघडले म्हणून सगळे झाले असे नव्हे. पंगत, पाणवठा, स्मशानभूमीचा रस्ता, यांवरून होणारे तंटे पोलीस पाटलांना आणि ग्रामसेवकांना ठाऊक असतात. ग्रामसभेच्या वहीत ते येत नाहीत, एवढेच.

१५ ऑगस्ट १९४८ ला गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला त्यातून लिहिलेली पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपात आली. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली, म्हणजे एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, माणसे ओळखीची व्हावीत. गांधीजींच्या खुनानंतर मात्र ते आतून खचत गेले होते. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच जगाचा निरोप घेतला. वय अवघे पन्नास.

आता कामाचे. लेखक जाऊन साठ वर्षे झाली की पुस्तकाचा हक्क मोकळा होतो. त्यामुळे २०११ पासून गुरुजींची पुस्तके कोणालाही छापता येतात आणि स्वस्तात मिळतात. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयासाठी घ्यायची तर संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये, पूर्ण घ्यावी, आणि मोळीची गोष्ट आत आहे ना ते पाहूनच बिल मंजूर करावे. चाकण, भोसरी, तळवड्याकडच्या शाळांत कारखान्यांवर आलेल्या बाहेरच्या राज्यांतल्या कामगारांची पोरे बसतात. त्यांच्यासाठी हिंदी अनुवादाच्याही दोन प्रती मागवाव्यात.